पूर्ण नकाशा कोणाकडेच नसतो: नेटवर्कमधली विनंती मुक्कामी कशी पोचते

ब्राउझरमध्ये नाव टाकून एंटर दाबलं की अर्ध्या-पाऊण सेकंदात पान समोर येतं. मधल्या वेळात काय घडतं ते सांगताना बहुतेक जण एक रेघ काढतात: इकडे तुमचा संगणक, तिकडे सर्व्हर आणि मध्ये ढगाचं चित्र. खरी गंमत त्या ढगात असते आणि चित्रात नेमकी तीच झाकली जाते.

हा विषय एका धाग्यानं पकडला तर सोपा जातो. नेटवर्कमधल्या कुठल्याच यंत्राला सगळं माहीत नसतं. राउटरला, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात माहिती पुढे ढकलणाऱ्या यंत्राला, पुढचा टप्पा तेवढा ठाऊक असतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्याच्या उत्तराला मुदत असते. विनंती पाठवणाऱ्याला तर पुष्कळदा आपलं काम झालं की नाही हेही खात्रीनं कळत नाही. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर काम निभावून न्यायचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल.

नुकताच वायफायला जोडलेला लॅपटॉप घ्या. त्याला अजून स्वतःचा आयपी पत्तासुद्धा मिळालेला नसतो. मग तो ०.०.०.० असा रिकामा पत्ता लावून २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे त्या नेटवर्कातल्या सगळ्यांना उद्देशून विचारतो: मला कोणी पत्ता देईल का? हा डीएचसीपी. छोट्या नेटवर्कमध्ये याचं उत्तर बहुधा राउटरच देतो. तो एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप 'हाच घेतो' असं कळवतो, राउटर त्यावर होकार देतो. शिवाय बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, कोणतं आणि नावांची चौकशी कोणाकडे करायची हेही त्यातच सांगितलेलं असतं. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. साधारण निम्मी मुदत सरली की लॅपटॉप स्वतःहून ती वाढवून मागतो. ही मुदतीची भानगड पुढे पावलोपावली भेटणार आहे.

समजा लॅपटॉपला १९२.१६८.१.५ हा पत्ता मिळाला आणि त्याला २०३.०.११३.१० कडे काहीतरी पाठवायचं आहे. तो रस्ता शोधायच्या फंदात पडत नाही. हा पत्ता माझ्याच नेटवर्कमधला आहे का, एवढंच तो सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, लावून तपासतो. नसेल तर पॅकेट, म्हणजे माहितीचा पत्ते लावलेला तुकडा, गेटवेकडे ढकलायचं, पुढचं तो बघून घेईल. पण ढकलायला गेटवेचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे ४८ बिटांचा मॅक पत्ता, हाताशी हवा. त्यासाठी एआरपी हा १९८२ सालचा प्रोटोकॉल आजही चालतो. '१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१.५ ला सांगा,' असा प्रश्न सगळ्यांना जातो आणि ज्याचा तो पत्ता असेल तो उत्तर देतो. उत्तर खरं आहे का हे एआरपी तपासत नाही. म्हणूनच त्याच नेटवर्कवरचं एखादं आगाऊ यंत्र खोटं उत्तर देऊन मध्ये घुसू शकतं.

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगतो. पॅकेटवर पोचायचा आयपी पत्ता असतो तो शेवटच्या मुक्कामाचा, आणि तो इंटरनेटवरच्या प्रवासात तसाच राहतो. मॅक पत्ता फक्त लगतच्या टप्प्यापुरता असतो. प्रत्येक राउटर जुना काढून पुढच्याचा नवा लावतो. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता मात्र बाहेर पडताना गेटवेवर बदलतो, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत आणि बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. ही अदलाबदल नॅट करतं.

आता पॅकेट राउटरांच्या हाती. प्रत्येक राउटरकडे एक तक्ता असतो: अमुक पत्त्यांचा गट असेल तर तमुक शेजाऱ्याकडे द्या. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर जी जास्त नेमकी, म्हणजे लहान गटाची, ती जिंकते. हा साधा वाटणारा नियम लक्षात ठेवा, लवकरच तो अंगाशी येणार आहे.

पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडाही असतो, बहुधा ६४ किंवा १२८ पासून सुरू होणारा. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवत राहिले तरी पॅकेट अनंत काळ फिरत राहत नाही ते यामुळे. ट्रेसराउट हे हत्यार याच सोयीचा चतुर वापर करतं. आधी १ टीटीएलचं पॅकेट पाठवायचं, ते पहिल्या राउटरवर मरतं आणि तो राउटर आपला पत्ता कळवतो. मग २, मग ३. अशा मेलेल्या पॅकेटांच्या निरोपांवरून वाट उलगडत जाते. त्या यादीत मधेच तीन चांदण्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या चांदण्यांच्या पुढच्या ओळी नीट येत असतील तर बिघाड नाही. त्या राउटरनं उत्तर द्यायचं टाळलं, इतकंच.

पण तक्ता भरतो कोण? लहान नेटवर्कात माणूस हातानं भरतो. मोठ्यात राउटर आपापसात बोलून भरतात आणि बोलण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. जुना आरआयपी हा निव्वळ ऐकीव माहितीवर चालतो. दर ३० सेकंदांनी प्रत्येक राउटर शेजाऱ्याला सांगतो: अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या उड्यांवर, म्हणजे इतक्या टप्प्यांवर आहे. शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगतो. यात एक मजेशीर रोग आहे. समजा एक नेटवर्क 'ब' राउटरला थेट जोडलेलं आहे आणि 'अ' हा त्याचा शेजारी. ते नेटवर्क बंद पडलं की 'ब' चा थेट रस्ता जातो. पण 'अ' अजून म्हणत असतो, 'मी दोन उड्यांत पोचतो.' तो पोचायचा तो 'ब' मार्फतच, हे 'ब' ला दिसत नाही! म्हणून 'ब' लिहितो तीन, ते ऐकून 'अ' लिहितो चार, आणि आकडा चढत जातो. शेवटी १६ म्हणजे अनंत असं ठरवून टाकावं लागलं. त्यामुळे आरआयपीत १५ उड्यांपलीकडचं जग अस्तित्वातच नाही.

ओएसपीएफची पद्धत वेगळी. तिथे प्रत्येक राउटर आपल्याला लागून कोण आहे एवढंच जाहीर करतो आणि ते सगळ्यांपर्यंत जातं. मग प्रत्येक जण स्वतः नकाशा जुळवतो आणि डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं १९५९ साली छापलेल्या पद्धतीनं सगळ्यांत स्वस्त वाट काढतो. म्हणजे इथे पूर्ण नकाशा असतो की, असं कोणी म्हणेल. असतो, पण आपल्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं आलं.

बाहेर राज्य बीजीपीचं. इंटरनेट म्हणजे सत्तर हजारांहून जास्त स्वायत्त नेटवर्कांचा कारभार. त्यांत कंपन्या आहेत, विद्यापीठं आहेत, सेवा पुरवठादार आहेत, आणि प्रत्येकाला एक क्रमांक आहे. ही नेटवर्कं एकमेकांना 'हे पत्ते माझ्याकडून गाठता येतील' असं सांगतात, सोबत वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांची माळ देतात. त्या माळेत आपलाच क्रमांक दिसला तर ती वाट नाकारायची, म्हणजे चक्रात अडकायची भीती नाही. आरआयपीचा रोग इथे असा बरा केलेला आहे. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ साली एका परिषदेत जेवताना कागदी नॅपकिनांवर याचा आराखडा काढला. आज या प्रोटोकॉलच्या तक्त्यात आयपीव्ही४ च्या, म्हणजे वर दिसलेल्या चार आकड्यांच्या पत्त्यांच्या, सुमारे दहा लाख नोंदी असतात.

बीजीपी सगळ्यांत जवळची वाट निवडतो असा एक समज आहे. तसं नाही. कोणाची वाहतूक फुकट न्यायची, कोणाकडून पैसे घ्यायचे, कोणाला अजिबात वाट द्यायची नाही, हे व्यवहार आधी पाहिले जातात, अंतर नंतर. त्यामुळे दोन शेजारी शहरांतल्या संगणकांमधली पॅकेटं कधी कधी तिसऱ्याच देशाची वारी करून येतात.

मूळ बीजीपी समोरच्याच्या शब्दावर चालतो. त्याची किंमत २४ फेब्रुवारी २००८ ला जगाला कळली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा आदेश निघाला होता. पाकिस्तान टेलिकॉमनं २०८.६५.१५३.० पासूनचे २५६ पत्ते आपल्याकडे असल्याची नोंद केली. हेतू असा की देशातली वाहतूक तिथे यावी आणि संपावी. पण ती घोषणा देशाबाहेर पीसीसीडब्ल्यू या मोठ्या पुरवठादाराकडे गेली आणि तिथून जगभर. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. लहान गट जिंकतो हा नियम आठवा. प्रत्येक राउटरनं नियमाबरहुकूम काम केलं, आणि नेमकं त्यामुळेच जगाची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. सुमारे एक तास वीस मिनिटांनी यूट्यूबनं तेवढ्याच लहान गटाची घोषणा केली, नंतर १२८-१२८ पत्त्यांच्या आणखी लहान गटांची. म्हणजे त्याच नियमानं उलटा डाव टाकला. पूर्ण निस्तरायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. आता आरपीकेआय आहे. कोणते पत्ते कोणत्या नेटवर्कनं जाहीर करावेत याचे सहीनिशी दाखले त्यात असतात. पण त्यानं घोषणेचा मूळ मालक तपासता येतो, मधल्या वाटेचा खरेपणा नव्हे. सगळे तो तपासतातच असंही नाही.

इथवर आपण पत्ता माहीत आहे असं धरून चाललो होतो. माणसं मात्र नाव टाइप करतात. सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच मजकूर-फाइलमध्ये असत आणि ज्याला लागेल तो ती उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ही सोय कोलमडली आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगायची व्यवस्था, मांडला. त्यातली मुख्य कल्पना पुन्हा तीच: कोणा एकाकडे सगळं नको. तुमच्या वतीनं चौकशी करणारा रिझॉल्व्हर आधी रूट सर्व्हरला विचारतो. तो म्हणतो, मला ठाऊक नाही, पण डॉट कॉमवाले अमुक ठिकाणी बसतात. डॉट कॉमवाला त्या नावाच्या मालकाचा सर्व्हर दाखवतो आणि खरं उत्तर तिथे मिळतं. रूट सर्व्हरांची नावं तेराच आहेत, प्रत्यक्ष यंत्रं मात्र हजाराहून कितीतरी जास्त. एकच आयपी पत्ता अनेक ठिकाणांहून बीजीपीत जाहीर करतात आणि पॅकेट आपोआप राउटिंगच्या हिशेबानं जवळच्या यंत्राकडे जातं. याला एनीकास्ट म्हणतात. सेवा शोधायचं अर्धं काम इथे राउटिंगच उरकून टाकतं.

मिळालेलं उत्तर रिझॉल्व्हर ठेवून घेतो, त्यावर लिहिलेल्या मुदतीपुरतं. या मुदतीलाही टीटीएलच म्हणतात, पण पॅकेटवरचा टीटीएल उड्या मोजतो आणि हा सेकंद. सर्व्हर बदलला की 'नवा पत्ता जगभर पसरायला दोन दिवस लागतात' असं सर्रास सांगितलं जातं. पसरत काहीच नाही. ठिकठिकाणी ठेवलेली जुनी उत्तरं आपापल्या मुदतीनं शिळी होत असतात. म्हणून सर्व्हर हलवायचा असेल तर जुनी मुदत संपेल इतकं आधी टीटीएल कमी करून ठेवावा, पाच मिनिटांवर आणला तरी चालतो. आणखी एक खाच आहे. 'असं नावच नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ ठेवलं जातं. नोंद करण्याआधीच उतावळेपणानं तपासून पाहिलंत तर नोंद झाल्यावरही तुमच्याच रिझॉल्व्हरला ती बराच वेळ दिसत नाही.

डीएनएस आणि राउटिंग एकमेकांवर किती टेकलेले आहेत हे ४ ऑक्टोबर २०२१ ला दिसलं. फेसबुकमध्ये देखभालीच्या एका आज्ञेनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत नेटवर्क तुटलं. त्यांचे डीएनएस सर्व्हर शाबूत होते. पण डेटा सेंटरशी संपर्क नसेल तर आपण आजारी आहोत असं समजून बीजीपीतली आपली घोषणा मागे घ्यायची, असं त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी इमानदारीत ती मागे घेतली. आता नाव विचारायला जायचं तर वाटच नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास गायब होते. एकच सर्व्हर आजारी पडला तर ती युक्ती योग्यच असते. सगळ्यांनी एकदम स्वतःला आजारी ठरवलं तर काय, हे त्यात धरलेलं नव्हतं.

हे झालं मोठ्या जगाचं. शेजारच्या खोलीतला प्रिंटर फोनला कसा सापडतो? तिथे डीएनएस सर्व्हर नाही, कोणी नोंद केलेली नाही. इथे एमडीएनएस कामाला येतो. भरल्या खोलीत उभं राहून मोठ्यानं विचारावं तसा फोन २२४.०.०.२५१ या गट-पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेचा क्रमांक) प्रश्न टाकतो: छपाईची सेवा कोण देतं? प्रिंटर आपलं नाव, पोर्ट आणि आपण रंगीत छापतो की नाही वगैरे तपशील कळवतो. यातली अदब पाहण्यासारखी आहे. उत्तर देणारे अनेक असू शकतील तर प्रत्येक जण २० ते १२० मिलिसेकंदांमधला कुठलातरी वेळ थांबून बोलतो, म्हणजे सगळे एकदम ओरडत नाहीत. विचारणाऱ्याला आधीच माहीत असलेली उत्तरं तो प्रश्नासोबतच जोडतो, म्हणजे त्या यंत्रांनी पुन्हा बोलायची गरज नाही. प्रिंटर रीतसर बंद झाला तर शून्य मुदतीची नोंद पाठवून निरोप घेतो. नुसता प्लग उपटला तर मात्र फोनच्या यादीत तो बराच वेळ रेंगाळतो, कारण सेवेच्या नोंदीची सुचवलेली मुदत ७५ मिनिटांची आहे. यादीत दिसतोय पण छापत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

डेटा सेंटरमध्ये हाच प्रश्न जास्त घाईचा होतो. तिथे एकाच सेवेच्या वीस प्रती चालू असतात, त्या मरतात, नव्या येतात आणि प्रत्येक वेळी पत्ता बदलतो. म्हणून मध्ये एक नोंदवही ठेवतात. एट्सीडी, कॉन्सल आणि झूकीपर ही त्या कामाची ठरलेली नावं. प्रत्येक प्रत 'मी जिवंत आहे' असं ठरावीक वेळानं कळवत राहते किंवा कोणीतरी तिला तपासत राहतं. ठोका चुकला की नाव कटाप. अशा प्रती चालवणारी कुबरनेटीज ही प्रणाली सेवेला एक स्थिर नाव आणि स्थिर पत्ता देतं, मागची यंत्रं कितीही बदलोत. तरी प्रत मेली आणि यादीतून निघाली या दोन क्षणांमध्ये फट राहतेच. त्या फटीत गेलेल्या विनंत्या फसतात. त्यातून काही प्रोग्रॅम असे हट्टी, की एकदा मिळालेला पत्ता मुदत न पाहता बंद होईपर्यंत उराशी धरून बसतात.

अखेर पत्ता मिळाला, वाट मिळाली, आता विनंती. सर्व्हरवर अनेक सेवा असतात, त्यांतली कोणती हे पोर्टच्या आकड्यावरून ठरतं. सुरक्षित वेबसाठी तो ४४३. मग टीसीपीचं, म्हणजे माहिती क्रमानं पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचं, तीन निरोपांचं हस्तांदोलन, त्यानंतर मजकूर गुप्त राखणाऱ्या टीएलएसची कुलूपकिल्ली आणि मग कुठे खरा प्रश्न. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर एका जाण्यायेण्याला १०० मिलिसेकंद आलेच. ते कितीही महागडं यंत्र घेऊन कमी होत नाहीत. टीसीपीला एक फेरी, टीएलएस १.३ ला एक, विनंतीला एक, झाले ३००. पान मागायचा प्रोटोकॉल एचटीटीपी, त्याची नवी आवृत्ती एचटीटीपी/३ पहिल्या दोन फेऱ्या एकत्र उरकते, त्याची खरी कमाई ती. बाकी एचटीटीपीचा मजकूर सरळ असतो: काय हवं, कोणत्या नावाकडून हवं. सर्व्हरचं उत्तर एका आकड्यानं सुरू होतं. २०० म्हणजे झालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०३ म्हणजे सध्या जमत नाही.

अवघड प्रसंग आकडा येतो तेव्हाचा नाही, काहीच येत नाही तेव्हाचा आहे. क्लायंटनं, म्हणजे विनंती पाठवणाऱ्यानं, दहा सेकंद वाट पाहिली आणि टाइमआउट झाला. विनंती वाटेत हरवली, सर्व्हर मध्येच कोसळला, की काम झालं आणि उत्तरच हरवलं? क्लायंटच्या जागेवरून ही तिन्ही चित्रं हुबेहूब सारखी दिसतात. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंची पक्की खात्री कुठल्याच प्रोटोकॉलला देता येत नाही, हे सत्तरच्या दशकातच सिद्ध झालेलं आहे.

मग पुन्हा प्रयत्न करावा का? नुसतं पान मागायचं असेल तर खुशाल करावा. म्हणूनच एचटीटीपीत गेट (मागणं), पुट (ठेवणं), डिलीट (पुसणं) या क्रिया दोनदा झाल्या तरी परिणाम एकदाच झाल्यासारखा राहील अशी अपेक्षा लिहून ठेवली आहे. पोस्ट (नवी माहिती सोपवणं) या क्रियेबद्दल तसं वचन नाही, आणि पैसे पाठवण्याच्या विनंत्या बहुधा पोस्टनंच जातात. शिवाय पुन्हा प्रयत्न करायची घाई सर्व्हरलाही जड जाते. आधीच दमलेल्या सर्व्हरवर हजारो क्लायंट एकाच ठोक्याला परत धडकले तर तो उठणार कसा? त्यामुळे प्रत्येक खेपेला थांबायचा वेळ दुप्पट करायचा आणि त्यात थोडा यदृच्छ फरक मिसळायचा. एमडीएनएसमधले प्रिंटर करतात तेच.

पैशांच्या विनंतीसाठी क्लायंट स्वतः एक लांबलचक क्रमांक तयार करून सोबत पाठवतो आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच ठेवतो. सर्व्हर काम करताना तो क्रमांक आणि दिलेलं उत्तर नोंदवून ठेवतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न कापता जुनंच उत्तर परत देतो. क्रमांकाची नोंद आणि पैसे कापणं या दोन्ही गोष्टी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात, म्हणजे झाल्या तर दोन्ही नाहीतर एकही नाही अशा, व्हायला हव्यात, नाहीतर त्या दोहोंच्या मध्ये सर्व्हर पडला की मूळचा प्रश्न परत उभा. ही नोंदसुद्धा सहसा कायम ठेवत नाहीत, ठरलेल्या काळानं पुसतात. पुसल्यानंतर तोच क्रमांक घेऊन आलेली विनंती सर्व्हरच्या लेखी कोरी करकरीत असते. त्यामुळे क्लायंटनं प्रयत्न सोडून द्यायची वेळ त्या मुदतीच्या बरीच आत ठरवावी लागते.